कल्ले लाल आहेत, पुढे काय?

गेल्या रविवारची गोष्ट. सकाळी मासळी बाजारात गेलो होतो. माझ्या पुढे एक गृहस्थ उभे होते. त्यांनी सुरमईचे कल्ले उचलून बघितले, बोटानं अंग दाबून बघितलं, तिच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं आणि समाधानानं मान हलवली.

"ताजा आहे ना, मामा?"

"एकदम ताजा!"

झाला व्यवहार. माझा नंबर आला. मी विचारलं, "मामा, कुठला आहे हा मासा?"

मामांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, मासा पाण्यातलाच असतोय की!"

आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो. विनोद चांगलाच होता. पण घरी येईपर्यंत तो काही डोक्यातून गेला नाही. कारण खरंच, आपल्याला तेवढं उत्तर पुरतं. कुठल्या पाण्यातला, हे आपण विचारत नाही. कल्ले लाल, डोळे चकचकीत, अंग घट्ट... संपली परीक्षा. साडी घेताना आपण पन्नास प्रश्न विचारतो, आंबा घेताना देवगडचा की कर्नाटकचा यावरून भांडतो आणि मासा घेताना मात्र एकच प्रश्न.

आज त्याबद्दलच लिहायचं आहे. जरा रागानं लिहिणार आहे. पण तो राग आधी माझ्यावर आहे, कारण आयुष्यभर मीही नुसते कल्लेच बघत आलो.

आता कोकणातले मित्र म्हणतील, घाटावरच्या माणसानं माशांबद्दल बोलावं म्हणजे कमालच झाली! मान्य. आम्हाला मासा तितका कळत नाही. पण खातो तर आम्हीही. रत्नागिरी-चिपळूणकडचा मासा कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड-साताऱ्याला येतो, आंबा घाट चढून आमच्याकडे सांगलीला येतो. शिवाय आमच्या नद्या आहेत, धरणं आहेत, शेततळी आहेत. आणि ज्याला मासा समोर जाळ्यातून निघताना दिसत नाही, त्यानं तर जास्तच विचारायला हवं की नाही?

माझे कल्ल्यांवरचे डोळे उघडले ते २०२३ च्या मार्चमध्ये. सांगलीकरांना तो आठवडा आठवत असेल. अंकली पुलाच्या बाजूला कृष्णेत मासे मरून वर आले. शंभर-दोनशे नव्हेत, पाण्यावर मरणाची पांढरी चादर पसरावी इतके. काही मेलेले, काही अर्धमेले, तोंड पाण्याबाहेर काढून हवा गिळू बघणारे. वर्तमानपत्रांत फोटो आले, पाण्याचे नमुने घेतले गेले, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोटिसा निघाल्या, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं. कारखान्याचं मळीचं पाणी की शहराचं सांडपाणी, यावर चर्चा झाली. जे आपल्याकडे नेहमी होतं ते सगळं झालं.

मला त्यातलं एकच दृश्य विसरता येत नाही. काठावर माणसं पोती घेऊन उतरली होती. मासे गोळा करायला! बादल्या, टोपल्या, लुंगीचा ओचा, ज्याला जे मिळेल ते. आमच्या शेजारचे काका संध्याकाळी पिशवी घेऊन आले. चांगल्या मनानं आले होते, त्यांनी वाटणी आणली होती. आई दारात उभी. काका म्हणाले, "वहिनी, घ्या. मेलेला नव्हे हं, फडफडत होता. याच्याहून ताजा कुठं मिळणार?"

आई शाळेत फारशी गेलेली नाही. ती म्हणाली, "भाऊजी, कशानं मेलं ते कळल्याशिवाय माणसाचं मढंसुद्धा उचलत नाहीत. आणि हे मी पानात वाढू?"

काका जरा रागावले. पिशवी घेऊन परत गेले. त्यांच्या घरी त्या रात्री कालवण झालं आणि कुणाला काही झालं नाही, हेही सांगतो. कारण ते सांगितलं नाही तर मी घाबरवतोय असं होईल. पण मुद्दा कुणाला जुलाब झाले की नाही हा नाहीच. मुद्दा असा, की काका खोटं बोलत नव्हते. मासा खरंच ताजा होता. आपल्या परीक्षेत तो पैकीच्या पैकी मार्कांनी पास झाला असता. कल्ले बघून तुम्हाला काहीही कळलं नसतं.

मासे मरतात कसे, हे थोडं समजून घेऊ. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो. लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या वर असला तर मासा सुखात असतो, दोनच्या खाली गेला की गुदमरतो. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये नदी आधीच टेकीला आलेली असते. पाणी कमी, वाहणं कमी, ऊन जास्त. अशा वेळी त्यात सांडपाणी किंवा मळीचं पाणी आलं की ते कुजवण्यासाठी जिवाणू कामाला लागतात आणि उरलासुरला प्राणवायू संपवून टाकतात. हा भार मोजायचं एक माप आहे, बीओडी. आपल्या घरातल्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असतो. डिस्टिलरीत मळीपासून अल्कोहोल काढल्यावर जे काळं पाणी उरतं, स्पेंटवॉश, त्याचा चाळीस-पन्नास हजार! एक लिटर अल्कोहोलमागे असं दहा-बारा लिटर पाणी उरतं. म्हणून तर ते कारखान्याबाहेर सोडायचंच नाही, आतच जिरवायचं, असा नियम आहे. नियम आहे... असो.

तर मासा गुदमरून मेला असेल तर तो विषारी झालाच असं नाही. खरं आहे. पण तो गुदमरून मेला की आणखी कशानं, हे पोतं भरताना कुणाला माहीत होतं? आणि ज्या पाण्यात तो शेवटचे श्वास घेत होता, त्यातलं मैल्याचं पाणी त्याच्या कल्ल्यांत आणि पोटात होतंच ना? वर पस्तीस अंशांचं ऊन. आपण ज्याला ताजेपणा म्हणतो तो फक्त एवढंच सांगतो, की हा मासा नुकताच मेला. तो कसा जगला आणि कशानं मेला, याबद्दल ताजेपणा एक अक्षर बोलत नाही.

सांगलीच्या शेरी नाल्याबद्दल मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. शहराचं सांडपाणी त्यातून कृष्णेत जातं, ते उचलून धुळगावला न्यायचं, शुद्ध करून शेतीला द्यायचं, अशी योजना. निवडणुका आल्या, गेल्या. नाला वाहतोच आहे. आणि गंमत बघा, त्या नाल्याबद्दल बोलताना आपण नेहमी पिण्याच्या पाण्याबद्दल बोलतो, माशांबद्दल कधीच नाही. जणू मासा वेगळ्या नदीत राहतो.

"मग आम्ही नदीचा खातच नाही, समुद्राचा खातो. समुद्र केवढा मोठा, त्याला काय होतंय?" हे पुढचं वाक्य मला पाठ आहे. चला, समुद्राचं बघू.

२०१८ साली आधी केरळात आणि मग गोव्यात फॉर्मेलिनचं प्रकरण गाजलं. बाहेरून आलेल्या माशांना टिकवण्यासाठी फॉर्मेलिन लावतात, असा आरोप झाला. गोव्यानं काही दिवस बाहेरचा मासा बंदच केला. फॉर्मेलिन म्हणजे ज्यात शवविच्छेदनाचे अवयव ठेवतात ते. काही माशांत, विशेषतः बोंबलात, थोडं फॉर्मल्डिहाइड आपसूकही तयार होतं, त्यामुळे प्रत्येक चाचणीवरून बोंबाबोंब करू नये हे खरं. पण फॉर्मेलिन करतं काय, ते लक्षात घ्या. ते मासा घट्ट ठेवतं. म्हणजे आपण बोट लावून जी परीक्षा घेतो, नेमकी त्याच परीक्षेत ते त्याला पास करतं! फार दिवसांचा मासा, वास कसलाच नाही, माशी बसत नाही, अंग रबरासारखं... तर आनंद मानू नका. संशय घ्या.

दुसरी गोष्ट बर्फाची. बांगडा, तारली, कुपा, सुरमई या माशांना मध्ये कुठेतरी बर्फ कमी पडला, की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होतं, डोकं ठणकतं. आपण म्हणतो "मासा बाधला". हे हिस्टामिन शिजवून जात नाही, तळूनही जात नाही. म्हणून घाट चढून आलेल्या माशाला विचारायचा खरा प्रश्न "ताजा आहे का" हा नाही, "बर्फात किती वेळ होता आणि बर्फाबाहेर किती वेळ" हा आहे. पेटीत बर्फ आहे की नुसतं गार पाणी, हे वाकून बघायला पैसे पडत नाहीत. दुपारी बारा वाजता उन्हात पाटीवर मांडलेला बांगडा दहा रुपये कमी लावून दिला तरी घेऊ नका. एवढं साधं आहे.

आता तिसरी गोष्ट. ही तब्येतीची नाही, लाजेची आहे.

आपल्या बाजारात ती छोटी छोटी पापलेटं येतात ना, तळहातात मावतील अशी, "साहेब, शंभराला चार" वाली? मी कित्येक वर्षं ती घेतली आहेत. तव्यावर अख्खी बसतात, मुलांना एकेक देता येतं, स्वस्त पडतात. ती पापलेटाची पिल्लं असतात. एकदाही अंडी न घातलेली. महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली पापलेटाला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी ५४ जातींच्या समुद्री माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. म्हणजे राज्य मासा म्हणून सत्कार करायचा आणि शंभराला चार या भावानं त्याचा वंश तव्यावर टाकायचा. आपण वाघ राष्ट्रीय प्राणी ठरवून बछडे विकायला बसलो असतो तर?

"पण पकडणारा पकडतो, आम्ही काय करणार?" पकडणारा कुणासाठी पकडतो, साहेब? बारीक आसाच्या जाळ्यात आलेली पिल्लं बाजारात विकली जाणार नसती, तर त्यांच्यासाठी डिझेल कुणी जाळलं असतं? कायदा समुद्रावर अंमलात आणणं अवघड आहे. इतका मोठा किनारा, इतक्या बोटी. पण पाटीसमोर उभं राहून "हे लहान आहे, नको" म्हणणं अवघड नाही. त्यासाठी फूटपट्टी न्यायचीही गरज नाही. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साधारण बोंबलाचं माप. सुरमई सव्वा फुटाच्या आत असली तर सोडून द्या. आणि पापलेट नुसत्या तळहातावर मावत असेल, बोटांपर्यंतही पोचत नसेल, तर ते पिल्लूच समजा.

तसंच जून-जुलैचं. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. तो माशांचा विणीचा हंगाम. मग जुलैत सांगलीत दिसणारी झकास सुरमई कुठून येते? एक तर पूर्व किनाऱ्यावरून, तिकडची बंदी १४ जूनला उठते. नाही तर शीतगृहातून. नाही तर चोरून. तिन्हींपैकी कुठली, हे मामांनाही माहीत नसतं. आपल्या आजी-आज्यांनी श्रावण पाळला. धर्म म्हणून पाळला असेल, पण समुद्राला आणि नदीला श्वास घ्यायला वेळ मिळाला. आता आपण श्रावण सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गटारी म्हणून जे करतो, ते बघितलं की वाटतं, उपासाचा अर्थ हरवला आणि पारणं तेवढं उरलं.

आता घरचीच लाज काढतो. चढणीचे मासे. पाटण, जावळी, शिराळा भागातल्या कुणालाही विचारा, नुसत्या शब्दानं तोंडाला पाणी सुटेल. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला, ओढे भरले, की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. ओढ्यातून ओहोळात, ओहोळातून भातखाचरात. रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं बाहेर पडतात. जाळी, टोपल्या, काठ्या, काहींच्या हातात कोयते. मामाच्या गावाला मी लहानपणी गुडघाभर पाण्यात उभा राहून हे केलंय. त्या रात्रीसारखी मजा मला परत कधी आली नाही. भिजलेले कपडे, चुलीचा धूर, आणि आजीनं केलेलं अंड्यांनी भरलेल्या माशांचं कालवण.

अंड्यांनी भरलेल्या. तिथंच सगळं आहे. ते मासे मजा म्हणून वर चढत नाहीत, अंडी घालायला चढतात. त्या रात्री आपण माहेरी बाळंतपणाला निघालेल्या बाईची वाट अडवत होतो. तेव्हा नदीत भरपूर होतं, टोपलीभर नेलं तरी उरायचं, असं म्हणून मी माझ्या बालपणाची समजूत काढतो. पण आता तीच रात्र जनरेटरचा करंट लावून, ब्लीचिंग पावडर टाकून, डोहात जिलेटिन फोडून साजरी होते. करंट लावला की डोहातला बोटाएवढा मासाही उलटा होतो. ही मासेमारी नव्हे, हा दरोडा आहे. आणि त्यातले मासे "गावठी, नदीचे, अस्सल" म्हणून चढ्या भावानं विकले जातात. आपण ते कौतुकानं घेतो. "आपल्या नदीचा आहे हो!" आपल्या नदीचा... म्हणूनच तर सोडायला हवा होता.

वाईजवळच्या कृष्णेत अभ्यासकांना पन्नासच्या आसपास माशांच्या जाती सापडल्या आहेत. त्यांतल्या काही सह्याद्रीबाहेर जगात कुठेही नाहीत. आपल्याला त्यांतल्या पाचांची तरी नावं सांगता येतील का? मला आली नाहीत. मग बाजारात त्यांच्या जागी कोण बसलंय? चिलापी, मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली आणलेली. आज उजनीपासून आमच्या नदीपर्यंत सगळीकडे तीच. रूपचंद, दक्षिण अमेरिकेतला, अनोळखी गिऱ्हाइकाला "गोड्या पाण्यातलं पापलेट" म्हणून खपवला जातो. आणि मांगूर. आपला देशी मागूर वेगळा. हा आफ्रिकेतला, ज्याच्या पालनावर केंद्र सरकारनं २००० सालीच बंदी घातली आहे, कारण तो सुटला की दुसरे मासे खाऊन डोह साफ करतो, आणि पाळणारे त्याला कत्तलखान्यातला कचरा घालतात. तरी तो मिळतो. कारण गिऱ्हाईक विचारत नाही आणि मासा जिवंत असतो. जिवंत! म्हणजे ताज्याच्याही वर!

मग खायचं काय? नुसतं नको नको म्हणणारा माणूस मलाही आवडत नाही. भरपूर खाण्यासारखं आहे. ज्याच्या तळ्याचा पत्ता सांगता येतो असा कटला-रोहू निर्धास्त खा. स्वस्त आहे, पोट भरतं आणि त्यासाठी समुद्राला खरवडावं लागत नाही. समुद्रातला हवा तर तारली, बांगडा, मांदेली. लवकर वाढतात, पुष्कळ पिलावळ देतात, आणि अन्नसाखळीत खालच्या पायरीवर असल्यामुळे त्यांच्यात पारा फारसा साठत नाही. मोरी-मुशीचं उलटं. ती शिकार करून जगते, हळू वाढते, पिल्लं थोडी देते, आणि खालच्या सगळ्यांचा पारा तिच्या अंगात जमा होतो. बाळंतिणीला मोरीचं कालवण द्यायची कोकणात जुनी पद्धत आहे. तिथल्या आज्यांचा मान ठेवून सांगतो, पोटुशी बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान मुलं यांच्यासाठी मोरीपेक्षा तारली कितीतरी बरी. आणि खिशालाही बरी.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. माझ्या एका मित्रानं तो तोंडावर फेकला. म्हणाला, "तू गिऱ्हाइकाला शिकवतोयस. नदी गिऱ्हाइकानं घाण केली का? ज्यांनी केली त्यांना नोटिशीपलीकडे काही झालं का? हे म्हणजे चोर सोडून ज्याच्या घरी चोरी झाली त्याला कुलपाचं ज्ञान देणं झालं."

बरोबर आहे त्याचं. अर्धं. नदी मी नासवली नाही हे खरं (माझ्या घरचं सांडपाणी सोडून!). नाला शुद्ध करणं पालिकेचं काम, मळी अडवणं कारखान्याचं, तपासणं मंडळाचं. त्यांची सुटका माझ्या एका पिशवीतल्या बोंबलानं होत नाही आणि होऊ नये. पण मला सांगा, २०२३ च्या मार्चमध्ये काठावर पोती घेऊन उतरलेली ती सगळी माणसं त्या दिवशी पोती टाकून तिथंच बसली असती तर? "हे आमचं अन्न आहे, कुणी मारलं?" असं म्हणाली असती तर? नाही म्हणाली. कारण आपल्या दृष्टीनं मासे मेले नव्हते, फुकट मिळाले होते! जो खाणारा आपलं अन्न कुठून येतं हे विचारत नाही, तो ते कुणी नासवलं हेही विचारत नाही. हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच.

हरिपूरच्या बाजूला एक भोई मामा आहेत. पिढ्यान् पिढ्या नदीवर जगलेले. त्यांनी मला त्या मार्चबद्दल सांगितलेलं वाक्य मी तसंच देतो. "मासं मेलं तवा फुकट न्यायला निम्मी सांगली आली. फुडच्या आठवड्यात माजा जित्ता मासा इकत घ्यायला एकबी आला न्हाई." बास. नदी मेल्याची किंमत कोण देतं, यावर मी याहून जास्त काय लिहिणार?

आणि शाकाहारी मंडळी, ज्यांनी इथपर्यंत "आपल्याला काय त्याचं" म्हणत वाचलं असेल, त्यांना एकच सांगतो. सांगलीच्या नळाला कृष्णेचंच पाणी येतं. मासा ते पाणी आपल्या आधी पितो, एवढाच फरक. मासा हा नदीचा पहिला रुग्ण आहे. तो मेला तर दवाखान्यात कुणाचा नंबर लागणार, हे सांगायला डॉक्टर नको.

तर माझं म्हणणं एवढंच. "ताजा आहे का?" हा प्रश्न सोडू नका, पण त्याच्यावर थांबू नका. त्याच्या जोडीला तीन प्रश्न ठेवा. कुठला? केवढा? कधीचा? उत्तर नाही मिळालं, तर त्या दिवशी पिठलं-भाकरी करा. पिठलं-भाकरी ही काही शिक्षा नव्हे.

लेख इथं संपवणार होतो. पण काल परत बाजारात गेलो होतो. मामांनी लांबूनच ओळखलं आणि हसले. मला वाटलं, परत पाण्यातल्या माशाचा विनोद होणार. पण ते जरा पुढं वाकून म्हणाले, "साहेब, तुम्ही इचारलं म्हणून मीबी गाडीवाल्याला इचारलं, बाबा रे, माल कुठला?"

"मग? काय म्हणाला?"

"त्यालाबी म्हाईत न्हाई. म्हणला, आजवर कुणी इचारलंच न्हाई."